पिशाचाची अनिच्छा : बृहत्कथा, वेताळ आणि मराठीतील रक्तपिपासू नायकाचा प्रश्न

इंग्रजी वाङ्मयात 'व्हँपायर' या कल्पनेभोवती गेल्या दोन शतकांत विपुल कथासृष्टी उभी राहिली. तिच्यातील एक आशयसूत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विशेष बळावले. स्वतःच्या पिशाचपणाला मनोमन नकार देणाऱ्या रक्तपिपासूचे हे सूत्र होय. पोलिडोरीच्या १८१९ मधील कथेतील उमराव किंवा ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला (१८९७) यांना आपण जे आहोत त्याची खंत नाही. मात्र १८४५ ते १८४७ या काळात हप्त्याहप्त्याने छापल्या गेलेल्या 'व्हार्नी द व्हँपायर' या बाजारी कादंबरीचा नायक अखेरीस आपल्या अस्तित्वाला विटतो आणि व्हेसुव्हियसच्या मुखात उडी घेतो. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲन राइस यांच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' या कादंबरीत हीच खंत निवेदनाचा कणा बनली. तिचा नायक लुई माणसांऐवजी उंदरांच्या रक्तावर दिवस काढू पाहतो आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका तरुणापुढे आपली कैफियत मांडतो. पुढे ही व्यक्तिरेखा अनेक खंडांत पसरलेल्या अद्भुत महाकादंबऱ्यांची नायक झाली.

मराठीत असा नायक का नाही, हा प्रश्न पदव्युत्तर वर्गांत आता वारंवार उपस्थित होतो. 'आपल्याकडे अद्भुताची परंपराच क्षीण' हे त्याचे सर्वांत सोयीचे उत्तर. सोयीचे असले तरी ते खरे नाही. भारतीय कथावाङ्मयातील सर्वांत मोठ्या अद्भुत ग्रंथाच्या उंबरठ्यावरच एक अनिच्छ पिशाच बसलेले आहे, आणि त्या ग्रंथाची दंतकथा गोदातीरीच्या प्रतिष्ठानाशी, म्हणजे आजच्या पैठणाशी, निगडित आहे. तेव्हा या नायकाच्या अभावाची कारणे शोधण्याआधी आपल्या परंपरेत पिशाचाच्या अनिच्छेला कोणते रूप मिळाले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

गुणाढ्याची बृहत्कथा मूळ रूपात उपलब्ध नाही. ती पैशाची भाषेत होती, असे परंपरा सांगते; आणि तिच्या निर्मितीची कथा मुख्यतः क्षेमेंद्र व सोमदेव या काश्मिरी कवींच्या संस्कृत रूपांतरांतून आपल्यापर्यंत आली आहे. सोमदेवाचा 'कथासरित्सागर' अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात राणी सूर्यमतीच्या मनोरंजनार्थ रचला गेला. त्याच्या 'कथापीठ' या पहिल्या लंबकात ही चौकट येते. शिवाने पार्वतीला एकांतात सांगितलेली कथा पुष्पदंत नावाच्या गणाने चोरून ऐकली आणि आपल्या पत्नीला सांगितली. पार्वतीने त्याला मर्त्यलोकी जन्मण्याचा शाप दिला आणि त्याची रदबदली करणाऱ्या माल्यवानालाही तोच शाप दिला. उःशापाची अट अशी की, विंध्यारण्यात काणभूती नावाचे पिशाच राहते. पुष्पदंताने ही कथा त्याला सांगावी, काणभूतीने ती माल्यवानाला सांगावी आणि माल्यवानाने ती जगात प्रसिद्ध करावी. पुष्पदंत हाच वररुची, तर माल्यवान म्हणजे गुणाढ्य.

काणभूती हा मूळचा यक्ष. त्याचे नाव सुप्रतीक. एका राक्षसाशी मैत्री केल्याबद्दल कुबेराने त्याला पिशाचयोनीत टाकले. म्हणजे त्याचे पिशाचपण त्याने निवडलेले नाही. ते वासनेचे फळ नाही, तशीच ती कोणाच्या दंशाने लागलेली बाधाही नाही. नको त्याच्याशी स्नेह केल्याची ती शिक्षा आहे. अनिच्छ रक्तपिपासूच्या पाश्चात्त्य कथेत ज्याला शोकात्म मध्यबिंदू मानले जाते, ते सोमदेव दोन-चार श्लोकांत उरकून टाकतो. काणभूती काय खातो, त्याला त्याचा वीट येतो काय, याविषयी तो बोलत नाही. त्याला रस आहे तो दुसऱ्याच गोष्टीत. काणभूती ऐकणारा आहे. तो वररुचीची वाट पाहतो, सात महाकथा ऐकतो, स्मरणात ठेवतो, पुढे गुणाढ्याची वाट पाहतो आणि त्याला त्या सांगून मुक्त होतो. लुई हा स्वतःची कथा सांगणारा पिशाच, तर काणभूती परक्याची कथा सांभाळणारा. पहिल्याला कैफियत मांडूनही सुटका मिळत नाही. दुसऱ्याची सुटका केवळ कथा योग्य कानापर्यंत पोहोचवण्यावर अवलंबून आहे. दोन वाङ्मयपरंपरांतील भेद येथे स्पष्टपणे नजरेस पडतो.

गुणाढ्य या पिशाचापर्यंत कसा आला, ही हकिकत मराठीच्या अध्यापकाने जरा थांबून वाचावी अशी आहे. सातवाहन राजा जलक्रीडेत असताना राणीने 'मोदकैः' असा शब्द उच्चारला. 'मा' आणि 'उदकैः' हा संधी राजाला उलगडला नाही. पाणी उडवू नका असे सांगणाऱ्या राणीपुढे त्याने लाडवांची ताटे मागवली आणि हसे करून घेतले. खजील झालेल्या राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवतो, असे गुणाढ्य म्हणाला. शर्ववर्म्याने सहा महिन्यांची पैज मारली. पैज हरल्यास संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग करण्याची प्रतिज्ञा गुणाढ्याने केली होती. तो हरला आणि मौन धरून रानात गेला. तेथे पिशाचांची बोली त्याच्या कानांवर पडली. चौथी भाषा उरली होती ती एवढीच. काणभूतीची कथा त्याने त्याच भाषेत सात वर्षे खपून सात लक्ष श्लोकांत लिहिली. रानात शाई नव्हती, म्हणून ती त्याने स्वतःच्या रक्ताने लिहिली.

पिशाच, रक्त आणि कथा हे तीनही घटक येथे एकत्र येतात. मात्र रक्ताची दिशा उलटी आहे. व्हँपायर दुसऱ्याचे रक्त घेऊन आपले आयुष्य वाढवतो. येथे माणूस स्वतःचे रक्त देऊन पिशाचाची कथा टिकवतो आणि त्यातून पिशाच सुटते. गुणदेव व नंदिदेव या शिष्यांनी तो ग्रंथ सातवाहनाकडे नेला. राजाने तो नाकारला. सात लक्षांचा विस्तार, नीरस पैशाची भाषा आणि रक्तात लिहिलेली अक्षरे ही त्याची कारणे होती. अपमानित गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवले आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत ते जाळू लागला. हरणे, डुकरे, रेडे चरणे सोडून भोवती उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. तिकडे शिकारीचे मांस निःसत्त्व येऊ लागल्याने राजा आजारी पडला. कारण शोधता शोधता तो टेकडीपर्यंत पोहोचला. तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. शिष्यांच्या आवडीची म्हणून राखून ठेवलेली नरवाहनदत्ताची एक लक्ष श्लोकांची कथा तेवढी उरली. या प्रसंगात दुसऱ्याच्या देहावर जगणारा आहे तो राजा, हे सोमदेव बोलून दाखवत नाही. पण कथेची रचनाच ते सांगते.

या दंतकथेला इतिहास मानण्याचे कारण नाही. नाणेघाट आणि नाशिक येथील सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत. 'गाथासप्तशती' याच घराण्यातील हालाच्या नावावर आहे. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त तर सातवाहनाने आपल्या अंतःपुरात प्राकृतच बोलावे असा दंडक घातल्याचा उल्लेख येतो. म्हणजे मोदकांच्या गोष्टीतील संस्कृतज्ञ राणी आणि भाषेची लाज वाटणारा राजा हे ऐतिहासिक प्रतिष्ठानाचे चित्र नव्हे. संस्कृतात लिहिणाऱ्या उत्तरकाळाने आपला संकोच मागच्या काळावर लादलेला दिसतो. बुधस्वामीच्या 'बृहत्कथाश्लोकसंग्रहा'त ही चौकट आढळत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पैठणाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी येथे थोडा आवर घातलेला बरा.

तरीही या कथेतील भाषाविषयक तिढा खरा आहे. पैशाची ही कोणाची बोली, यावर मतभेद आहेत. ग्रिअर्सन यांनी तिला वायव्येकडे नेले, तर स्टेन कोनो यांनी विंध्य परिसरात ठेवले. दंडीने 'काव्यादर्शा'त महाराष्ट्राच्या आश्रयाने असलेल्या प्राकृताला श्रेष्ठ म्हटले, आणि त्याच प्रकरणात बृहत्कथेला भूतभाषेतील अद्भुतार्थ रचना म्हणून नोंदवले. एका लोकसमूहाच्या बोलीला 'भुतांची भाषा' हे नाव पडणे ही गोष्ट साधी नाही. पिशाच कोणाला म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्याच हाती कोणता ग्रंथ जाळला जाणार हेही असते. काणभूतीच्या अनिच्छेचा खरा अर्थ या संदर्भात लागतो. त्याला रक्ताचा तिटकारा आहे की नाही, हे गौण ठरते. त्याच्यावर लादलेले नाव आणि त्या नावासरशी त्याच्या वाणीला आलेला विटाळ, हे त्याचे बंधन आहे.

दुसरे अनिच्छ पिशाच याच नगरीच्या स्मशानात भेटते. वेताळकथांचा राजा विक्रमादित्य, असे आपण बालपणापासून ऐकत आलो. सोमदेवाकडे मात्र तो त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान आहे. 'शशांकवती' या बाराव्या लंबकात ही पंचविशी येते. क्षांतिशील नावाचा भिक्षू दहा वर्षे रोज एक फळ आणून देतो, फळात रत्न असते, आणि त्या ऋणापोटी राजा शिंशपेवर लटकलेले प्रेत आणावयास जातो. प्रेतात वेताळ आहे. तो गोष्ट सांगतो, प्रश्न घालतो; उत्तर माहीत असून न दिल्यास मस्तक फुटेल, आणि तोंड उघडल्यास प्रेत झाडावर परत जाईल.

वेताळ या प्रकाराचे नेमके स्वरूप समजून घेणे येथे आवश्यक आहे. व्हँपायर हा मेलेला माणूसच असतो. त्याचा देह त्याचा स्वतःचा असतो आणि स्मृतीही त्याचीच असते. वेताळ प्रेतात शिरतो. प्रेत दुसऱ्या कोणाचे तरी असते. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये अकरा कथांचे इंग्रजी रूपांतर करताना शीर्षकात 'व्हँपायर' हा शब्द वापरला आणि तेव्हापासून ही गल्लत रूढ झाली. स्टोकरची बर्टनशी भेट झाली होती, एवढ्या आधारावर वेताळाला ड्रॅक्युलाचा पूर्वज ठरवण्याचा मोह काहींना होतो. पण सुळे सोडले तर दोघांत सामाईक असे फारसे काही नाही. वेताळ राजाचे रक्त पीत नाही. तो त्याला बोलावयास लावतो, आणि बोलणे हेच राजाचे हरणे असते.

मग वेताळाची अनिच्छा कशाबद्दलची? त्याला वापरले जायचे नाही. भिक्षूला वेताळाकरवी विद्याधरांचे आधिपत्य मिळवायचे आहे आणि त्यासाठी राजाचा बळी द्यायचा आहे. वेताळ पुन्हा पुन्हा झाडावर परततो, हे वरवर खोडकरपणाचे वाटते. प्रत्यक्षात तो त्या विधीला दिलेला विलंब आहे. १८०५ च्या सुमारास फोर्ट विल्यम महाविद्यालयात सिद्ध झालेल्या हिंदी 'बैतालपचीसी'त तर राजा, तेली आणि कुंभार हे तिघे एकाच मुहूर्तावर जन्मलेले असून कुंभाराने योगी बनून तेल्याला मारून झाडाला टांगलेले असते. तेथे लटकणारे प्रेत हे एका कारागिराने दुसऱ्याचा घेतलेला बळी ठरते. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० च्या सुमारास 'वेताळपंचविशी' आणली. छापील मराठी गद्य जेमतेम उभे राहत असताना त्याने हाती घेतलेल्या पहिल्या काही पुस्तकांत इसापाशेजारी वेताळही होता. 'अद्भुताची परंपरा क्षीण' असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम पाहावा.

रक्त पिण्याच्या अनिच्छेचा थेट प्रसंग मात्र पिशाचकथेत सापडत नाही. तो महाभारतात आहे. कर्णपर्वात भीम दुःशासनाची छाती फोडून रक्त प्राशन करतो, आणि पाहणारे 'हा माणूस नव्हे' म्हणत पळतात. पुढे स्त्रीपर्वात गांधारी त्याला याचा जाब विचारते. भीमाचे उत्तर असे की, ते रक्त ओठांच्या व दातांच्या आत गेले नाही. प्रतिज्ञा केली होती म्हणून ते करावे लागले. महाकाव्यातला हा खरा अनिच्छ रक्तपिपासू. त्याला पिशाचपण क्षणभरासाठी, शब्दाला जागण्याकरता पत्करावे लागते, आणि मग एका आईपुढे ते नाकारावे लागते. नाकारताना तो खरे बोलतो की केवळ तिचे सांत्वन करतो, हे व्यासांनी संदिग्ध ठेवले आहे. भट्टनारायणाला ही संदिग्धता सोसवली नाही. 'वेणीसंहारा'च्या तिसऱ्या अंकात त्याने रुधिरप्रिय नावाचा राक्षस आणला. तो हिडिंबेच्या आज्ञेने भीमाच्या देहात शिरून रक्त पिणार, म्हणजे भीम निष्कलंक. परशुरामतात्या गोडबोले यांच्या भाषांतराने एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचकाला ही सोय परिचित झाली. नाटककाराने भीमाला वाचवले खरे, पण गांधारीचा प्रश्न त्यामुळे निकाली निघत नाही, आणि वाङ्मयदृष्ट्या मोल आहे ते त्या प्रश्नालाच.

आता अभावाच्या कारणांकडे वळता येईल. एक कारण अगदी भौतिक आहे. व्हँपायरच्या कल्पनेला पुरलेला देह लागतो. जेथे बहुसंख्यांत दहनाचा प्रघात आहे, तेथे मेलेल्याचा देह परत येण्याची भीती रुजत नाही. परत येते ती इच्छा. समंध, मुंजा, हडळ, खवीस, ब्रह्मराक्षस ही मराठी भुतावळ पाहिली तर तिचे वर्गीकरण अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यावरून केलेले दिसते. मुंजीनंतर सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, बाळंतपणात किंवा अतृप्त गेली ती हडळ, धनात वा घरात जीव अडकला तो समंध. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवत नाही, तेव्हा घरातली वडील मंडळी मृताच्या मनात काय राहिले असेल ते आठवून हात जोडून शब्द देतात. मराठी समाजाने मृताच्या अनिच्छेशी केलेला हा रोजचा व्यवहार आहे. जी समजूत घाटावर तासाभरात काढली जाते, तिच्यावर हजार पानांची कादंबरी उभी करणे अवघड जाते.

दुसरे कारण असे की, वेताळाचे आपण दैवत केले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आरवलीचा वेतोबा हा भुतांचा राजा असूनही गावाचा राखणदार आहे. तो रात्री गावाभोवती फिरतो, फिरून त्याचे जोडे झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. गोव्यात आमोणे, लोलये येथेही बेताळ ग्रामदैवत आहे. जयवंत दळवी (१९२५-१९९४) यांचे बालपण याच आरवलीत गेले. 'सारे प्रवासी घडीचे'सारख्या त्यांच्या लेखनातील गावात माणसे देवाशी आणि भुताशी एकाच घरगुती सुरात बोलतात. ज्याच्या चपला झिजल्याची काळजी गाव करते, त्याच्या एकाकीपणावर शोकात्म कादंबरी कशी लिहिणार?

छापील कादंबरीच्या वाटचालीतही एक वळण आले. 'मुक्तामाला' (१८६१) आणि तिच्यामागून आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना हरिभाऊ आपट्यांच्या वास्तवाने मागे सारले. अद्भुत बालवाङ्मयात आणि वाचनालयाच्या फडताळात गेले. तेथे त्याला नारायण धारप (१९२५-२००८) यांच्यासारखा बुद्धिमान लेखक भेटला. त्यांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या १९७५ मधील 'सेलम्स लॉट'वर आधारलेली, आणि किंगची ती कादंबरी स्वतः ड्रॅक्युलाला छोट्या अमेरिकन गावात नेऊन ठेवणारी. या घराण्यात अमंगल बाहेरून येते, साथीसारखे पसरते आणि त्याला निपटावे लागते. त्याच्या मनात डोकावण्याचे कारण नसते. धारपांच्या 'समर्थ' कथांतही शक्ती दोन बाजूंना स्पष्ट वाटलेल्या आहेत. भय निर्माण करण्याचे त्यांचे सामर्थ्य वादातीत आहे, आणि विद्यापीठीय समीक्षेने त्यांच्याकडे केलेले दीर्घ दुर्लक्ष समर्थनीय नाही. पण अनिच्छ पिशाचाला लागणारा संदिग्ध प्रदेश त्यांनी सहसा धुंडाळला नाही. तो काणभूतीच्या आणि गांधारीच्या कथेत तसाच पडून आहे.

वेताळाची अनिच्छा सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत पोहोचली ती प्रामुख्याने 'चांदोबा' मासिकातून. खांद्यावर प्रेत, हातात तलवार असे के. सी. शिवशंकरन यांनी काढलेले विक्रमाचे चित्र दोन पिढ्यांच्या स्मरणात आहे. १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांच्या मालिकेने त्याला आवाज दिला. मासिकातील पंचविशी मात्र पंचवीस कथांनी संपली नाही. दरमहा नवी कथा रचली गेली, दरमहा राजाचे मौन सुटले. सोमदेवाच्या चोविसाव्या प्रश्नाची गोष्ट वेगळी आहे. बाप आणि मुलगा रानात दोन स्त्रियांची पावले पाहतात. मोठ्या पावलांची बापाने व लहान पावलांची मुलाने वरावी असे ठरते, आणि मोठी पावले मुलीची, लहान तिच्या आईची निघतात. त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय? त्रिविक्रमसेनाला उत्तर सापडत नाही. तो गप्प चालत राहतो. त्या मौनाने वेताळ प्रसन्न होतो, भिक्षूचा बेत सांगतो आणि राजाचे प्राण वाचवतो. मासिक चालू ठेवायचे तर हे मौन येऊन चालणार नव्हते.

सोलापूरच्या अभ्यासकाला या सामग्रीत एक हाताशी असलेले काम आहे. १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमध्ये सुरू झालेले हे मासिक पुढे कन्नड आणि मराठीतही निघत असे, आणि या शहरात तेलुगू, कन्नड व मराठी या तिन्ही भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. पूर्व भागातील जुन्या पेठांपासून विजापूर रस्त्यालगतच्या जुळे सोलापूरसारख्या नव्या वसाहतींपर्यंत घराघरांत जपलेले अंक अद्याप मिळू शकतील. एकाच महिन्याची वेताळकथा तिन्ही भाषांत समोर ठेवून वेताळ राजाला कोणत्या सर्वनामाने हाक मारतो, प्रेताला कोणता शब्द वापरला आहे आणि प्रश्न विचारताना त्याचा सूर आर्जवाचा की उपहासाचा, हे तपासता येईल. रद्दीवाल्याच्या दुकानात हे अंक जाण्यापूर्वी ते व्हायला हवे.